संदलाची तिसरी हाक

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

कय्युम,

तुला सलाम. घरी सगळ्यांना आशीर्वाद लिहिणार होतो, पण चौदा वर्षांत घरी कोण कोण आलं आणि कोण गेलं ते मला नीट ठाऊक नाही. तेव्हा आशीर्वाद कुणाला द्यायचे ते तूच ठरव.

अक्षर ओळखलं असशील. चौथीत तुझा गृहपाठ मी लिहून दिला म्हणून गुरुजींनी दोघांना बडवलं होतं, तेच हे अक्षर. आता हात थोडा कापतो, एवढाच फरक.

तुझा नंबर आहे माझ्याकडं. आपल्या गावचा सोमनाथ एस.टी.त कंडक्टर आहे. गेवराईच्या बायपासवर तुझ्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानाची पाटी त्यानं पाहिली आणि नंबर उतरवून आणला. मी दोनदा लावला. दोन्ही वेळा पहिली रिंग गेली आणि मीच कापला. फोनवर खोकून वेळ मारून नेता येते, कागदावर खोकता येत नाही, म्हणून कागद घेतला.

कारण तसं आनंदाचं आहे. आपल्या पोरीनं, संस्कृतीनं, पिक्चर लिहिला. तुझ्या दुकानात बसून तांब्याच्या तारांच्या बाहुल्या करायची, ती संस्कृती. पंचवीस वर्षांची झाली. शिकायला बंगळुरूला गेली, तिथून मंगळुरूकडं एका दिग्दर्शकाच्या हाताखाली लागली, तिकडचीच झाली. कानडी फडाफडा बोलते. पिक्चरही कानडीच आहे. नाव मला धड म्हणता येत नाही, अर्थ म्हणे 'ओहोटीची वाट'. समुद्राकाठचं गाव, तिथले हिंदू आणि मुसलमान, त्यांच्यात वर्षानुवर्षं चालत आलेला एक रिवाज आणि मग एके वर्षी बिघडलेलं सगळं, असा विषय आहे.

सुंदरबाईनं तिला फोनवर विचारलं, "आगं, मराठीत लिव्हायचं की. कानडीत कावून?" तर पोरगी म्हणाली, "आई, तिकडं सांगता येतंय." दोघी मग भाजीपाल्याचं बोलायला लागल्या.

जानेवारीत तो मोबाइलवर येणार आहे, खाली मराठी अक्षरं घालून. तुझा आमेर बघेल. आजकाल सगळे सगळं बघतात. म्हणून आधीच कळवून ठेवतो, त्यात काही ओळखीचं वाटलं तर मनावर घेऊ नकोस. शेवटी पिक्चर आहे.

यंदा पौष पौर्णिमेचा दुसरा दिवस, आपल्या उरुसाचा, चार जानेवारीला येतो. सहज सांगितलं. दर्ग्यात झाडलोट अजून तात्याबाच करतो. पंचाऐंशीचा झाला, पण गुरुवारचा दिवा चुकवत नाही. दरसाली उरुसाच्या आधी मला गाठतो आणि विचारतो, "पाटील, संदलाचं काय?" मी म्हणतो, बघू. तुझी आई गाव सोडताना त्याला सांगून गेली होती, संदल पाटलांच्या घरचा, तो त्याच घरचा, दुसऱ्या कुणाचा चढवू नका. बीबीजानचा शब्द म्हातारा पाळतोय. चौदा वर्षं मजारीला चंदन लागलेलं नाही.

त्या दिवशी माझ्या छातीत कळ आली नसती आणि मी तेलगावला डॉक्टरकडं गेलो नसतो, तर एवढं झालं नसतं. असो.

तुझा,
भारत

---

सोमवार, २४ नोव्हेंबर

कय्युम,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत होतो असंही नाही. पोस्टमन रस्त्यानं गेला की मी आपला उठून अंगणात यायचो एवढंच.

काल पिक्चर पाहिला. अर्धाच. संस्कृतीनं लिंक पाठवली होती. माझ्या मोबाइलवर पिक्चर आणि सुंदरबाईच्या मोबाइलवर संस्कृती, अशी आमची टॉकीज. पडद्यावर माणूस कानडीत बोलला की पोरगी इकडून मराठीत सांगायची. मधूनच तिचा आवाज पुढं जायचा आणि पिक्चर मागं राहायचा.

बंदरावर होड्या, वाळत घातलेली मासळी, माडांची रांग आणि समोर नुसतं पाणीच पाणी. सुंदरबाई बघत राहिली आणि म्हणाली, "एवढं पानी हाय, तरी मान्सं भांडत्यात कशापायी?" मला हसू आलं. आपल्याकडं टँकरवरून डोकी फुटतात, तर हिला वाटतं भांडणं सगळी पाण्याचीच.

त्यात दूमप्पा नावाचा एक आहे. तीन होड्यांचा मालक, गावात मान. समुद्रात थोडं आत एक खडक आहे आणि खडकावर कुणा अवलियाची मजार. पावसाळा सरला की पहिली होडी मासेमारीला जायच्या आधी मजारीवर दिवा लागतो. दिव्याचं तेल दूमप्पाच्या घरचं आणि होडी वल्हवायची मोय्दीनच्या घरानं. मोय्दीन दूमप्पाच्या दारात येऊन तीनदा हाक मारतो. मग दूमप्पा तेलाचं भांडं डोक्यावर घेऊन बाहेर पडतो. हाकेशिवाय तेल उचलायचं नाही आणि तेलाशिवाय होडी सोडायची नाही.

तीनदा हाक, कय्युम. तुला काय सांगायचं. "पाटील, संदल निकालो!" तुझ्या बापाचा आवाज तर खालच्या आळीपर्यंत जायचा. तुझा तेवढा नव्हता, पण तू शेवटच्या हाकेला मान वर करायचास आणि मला आतून हसू यायचं.

तर तिकडं बंदरावर एक फलक लागतो. जत्रेत अमक्या लोकांनी दुकानं मांडायची नाहीत. पोरं तापतात. दूमप्पाला मच्छीमार सोसायटीचा चेअरमन व्हायचं असतं. एक मोठा माणूस येऊन त्याला सांगतो, यंदा तेल घरातच राहू दे. दूमप्पा रात्रभर विचार करतो. सकाळी आपल्या लहान पोरीला स्वयंपाकघरात बोलावतो आणि तिच्या हातात कुलूप देतो.

इथं मी पिक्चर बंद केला. संस्कृतीला म्हणालो, चार्जिंग संपलं. साठ टक्के होतं.

ती म्हणाली, "बरं. पुढचं तुमी एकट्यानं बघा, बाबा. मी न्हाई सांगणार."

मला रागच आला. चार बुकं शिकली म्हणून बापाला पडद्यावर उभा करते काय? आणि तोही मासे धरणारा करून. आपल्या सात पिढ्यांत कुणी मासा धरला नाही. मी तेलगावला होतो हे सगळ्या गावाला माहीत आहे. डॉक्टरची चिठ्ठी होती. तुलाही माहीत आहे. पिक्चरवाले काहीही दाखवतात. कुणी विचारलं तर तू सांगशीलच की भारत तेव्हा गावात नव्हता.

भारत

---

रविवार, ७ डिसेंबर

कय्युम,

मागचं पत्र फाडून टाक. त्यातला पिक्चरपर्यंतचा भाग खरा आहे, शेवटचा नाही.

आमेरच्या मोबाइलवर बघून तुला कळण्याआधी माझ्या हातचं वाच. एवढ्यासाठीच मी पत्रं लिहायला घेतली आणि दोन पत्रं खर्ची घालूनही तिथपर्यंत गेलो नाही.

मी तेलगावला गेलो नव्हतो. छातीत कळही आली नव्हती. चिठ्ठी आठ दिवसांनी आणली, ओळखीच्या डॉक्टरकडून, मागची तारीख टाकून. तू दारात आलास तेव्हा मी घरात होतो.

त्या आठवड्यात आप्पा येऊन गेले होते. पंचायत समितीच्या उमेदवाऱ्या ठरत होत्या आणि त्यांच्या शब्दाबाहेर आपल्या भागात पान हलत नव्हतं. चौकातल्या झेंड्याच्या खांबावरून वाद झाला होता, तू त्यात नव्हतास, मी नव्हतो, पण गाव दोन्हीकडून धुमसत होतं. आप्पांनी चहा घेतला आणि म्हणाले, "भारतराव, तिकीट तुमचंच हाय. फकस्त यंदाचा संदल तेवढा टाळा. पोरं लई तापल्यात."

मी म्हणालो, "टाळू कसा? दारात हाक येती."

"मंग घरी राहू नका."

मला खरंच तेलगावला जाता आलं असतं. मोटारसायकलमध्ये पेट्रोल होतं. पण तेलगावच्या रस्त्याला तोंडावरच तुझं दुकान. तू हातातली पक्कड तशीच धरून बाहेर आला असतास आणि विचारलं असतंस, "कुठं बे, संदलाच्या दिशी?" तुझ्या तोंडावर मला खोटं बोलता आलं नसतं. म्हणून मी गेलो नाही. म्हणून मी ते पोरीकडून वदवलं.

सकाळी तुझी आई आमच्याकडं आली होती. तिनं आणि सुंदरबाईनं मिळून चंदन उगाळलं, बीबीजाननं अत्तर घातलं, हिरवं फडकं झाकून वाटी देवघरात ठेवली आणि दोघी मलिद्याच्या तयारीला दर्ग्याकडं गेल्या. सुंदरबाईला काही माहीत नव्हतं. मी मोटारसायकल गोठ्यात लोटली. मग संस्कृतीला हाक मारली. अकरा वर्षांची होती. तिला म्हणालो, मी आत बसतो, तू बाहेरून कडीला कुलूप लाव आणि ओट्यावर खेळत बस. कुणी विचारलं तर सांग, बाबांच्या छातीत दुखतंय, तेलगावला गेल्यात.

तिनं विचारलं, "कय्युमकाकाला बी तसंच सांगू?"

मी म्हणालो, "त्यालाच सांगायचं हाय."

ताशा वेशीपासून ऐकू येत होता. मी देवघराच्या भिंतीला टेकून बसलो होतो, वाटी शेजारीच. दारं-खिडक्या बंद, त्यामुळं वास कोंडला होता. तुझी पहिली हाक आली. दुसरी आली. दोन्हींच्या मध्ये तू थांबलास, कारण मी नेहमी दुसऱ्या हाकेला आतून ओ द्यायचो. तिसऱ्या हाकेला मी उठलो, कय्युम. दारापर्यंत आलो, फळीवर हात ठेवला. पण कुलूप बाहेरून होतं. "संस्कृती, काढ गं कुलूप" एवढं म्हणायचं होतं. तोंड उघडलंही असेल. आवाज काढला नाही.

मग तिचा बारीक आवाज आला. काय म्हणाली ते ताशात कळलं नाही, पण मीच शिकवलेलं होतं. मग तुझा आवाज, मोठ्यानं, "पाटील घरी न्हाईत! चला, बाजारातून चला!" आणि ताशा लांब गेला.

बाजारात दगड आले ते मला आतूनच कळलं. तुझ्या डाव्या डोळ्यावर बसला तो कुणी मारला, कधीच शोधलं नाही. दुसऱ्या दिवशी तुझं दुकान फोडलं. शेतकऱ्यांच्या विहिरींवरच्या जळलेल्या मोटारी दुरुस्तीला आलेल्या, त्याही रस्त्यावर आणून टाकल्या. आठव्या दिवशी तुम्ही टेम्पोत सामान भरलं. मी माडीच्या खिडकीतून पाहिलं.

तिकीट मिळालं. पडलो.

बीबीजान गेल्याचं सोमनाथनंच कळवलं होतं. सुंदरबाई एकटी येऊन गेली. मी मयतीला आलो नाही, कारण काय सांगायचं ते ठरत नव्हतं. आज ठरलं, पण ती नाही.

माफी असा शब्द लिहून पाहिला. मग खोडला. तुझा डोळा, तुझं दुकान, तुझ्या आईचं गाव, एवढं सगळं त्या एका शब्दात मावत नाही.

भारत

---

सोमवार, ८ डिसेंबर

काल पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत ते परत घ्यावंसं वाटायला लागलं. आज सकाळी सिरसाळ्याच्या पोस्टात जाऊन बसलो. मास्तरांना म्हणालो, पत्ता चुकलाय, पत्र परत द्या. ते म्हणाले, थैली मघाशीच गेली.

परत येताना सुंदरबाईला सांगितलं की कय्युमला सगळं लिहिलं. ती ज्वारी निवडत होती. मान वर केली नाही. म्हणाली, "बरं झालं. मी चौदा साल वाट बघत व्हते, तुमी कवा लिव्हताव त्याची."

त्या संध्याकाळी दाराचं कुलूप तिनंच तोडलं होतं, पण चौदा वर्षांत आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो.

भारत

---

सोमवार, २२ डिसेंबर

कय्युम,

उरलेला अर्धा पिक्चर पाहिला. एकट्यानं, दुपारी, माडीवर. सांगणारं कुणी नव्हतं आणि कानडी मला कळत नाही. पण काही अडलं नाही.

दूमप्पा आत बसतो. पोरगी बाहेरून कुलूप लावते, किल्ली मुठीत धरते आणि पायरीवर शिंपले मांडून बसते. मोय्दीन येतो, मागं पन्नासेक माणसं. तीन हाका होतात. माणसांमधली तरुण पोरं चिडलेली आहेत, एक जण दाराला लाथ मारतो. मोय्दीन त्याला मागं ओढतो आणि पोरीसमोर उकिडवा बसतो. तिला काहीतरी विचारतो.

आता ती पाठ केलेलं सांगणार म्हणून मी बघत होतो. तर ती पुढं वाकली आणि त्याच्या कानात काहीतरी बोलली. आणि बोट केलं, मागं, कुलपाकडं.

मोय्दीन त्या दाराकडं बघतो. किती वेळ बघतो म्हणून सांगू, मला वाटलं मोबाइल अडकला. मग तो तिच्या डोक्यावर हात ठेवतो, उठतो, लोकांकडं वळतो आणि मोठ्यानं ओरडून काहीतरी सांगतो. लोक कुरकुरत त्याच्या मागं निघतात. त्या पोरांना दाराजवळून काढायला तो त्यांना लांबच्या वाटेनं नेतो, धक्क्यावरून. धक्क्यावर दुसरी पोरं उभीच असतात.

मी पिक्चर मागं घेतला. परत पाहिला. मग संस्कृतीला फोन लावला.

"ते पोरगी कानात सांगती, ते तू जोडलंस का?"

"कोणतं, बाबा?"

"तुला माहितीय कोणतं."

ती रस्त्यावरून बाजूला झाली, गाड्यांचा आवाज कमी झाला. मग म्हणाली, "न्हाई जोडलं. मीच सांगितलं काकाला. म्हणलं, बाबा आत हाईत, मला कुलूप लावाय सांगितलंय. मला खोटं बोलाय जमंना. काकानं ईचारलं बी तसंच, येकदम हळू. म्हणले, पोरी, खरं सांग, पाटलाची तब्येत बरी हाय ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"मंग काका म्हणले, आता हे कुणाला सांगू नको. बाबाला बी सांगू नको, मला सांगितलं म्हणून. त्याला लई लागंल. म्हणून न्हाई सांगितलं."

चौदा वर्षं तुला फसवल्याचं ओझं मी बाळगून होतो. रात्री अपरात्री उठून बसायचो. आणि तू फसलाच नव्हतास. तुला माहीत होतं मी आत आहे. तुझ्या मागच्या पोरांना ते कळलं असतं तर त्यांनी दार फोडलं असतं, मला ओढून काढलं असतं, आणि मग गावात काय झालं असतं ते तू तिथल्या तिथं ओळखलंस. म्हणून तू ओरडलास, पाटील घरी न्हाईत. म्हणून तू नेहमीची गल्ली सोडून त्यांना बाजारातून वळवलंस. डोळ्यावरचा दगड तू माझ्या दारापायी घेतलास.

आणि त्यानंतरही कुठं बोलला नाहीस. पोलिसांनी विचारलं तेव्हाही तू जबाबात लिहून दिलंस, भारतराव आजारी होते. तो जबाब वाचून मी सुटकेचा निःश्वास टाकला होता, कय्युम. मला वाटलं, बरं झालं, याला खरं वाटलं.

पिक्चरच्या शेवटी मोय्दीनचं कुटुंब होडीत सामान भरून जातं आणि ती पोरगी खडकावर जाऊन किल्ली समुद्रात फेकते. मी संस्कृतीला विचारलं, आपली किल्ली कुठाय. कारण त्या संध्याकाळी सुंदरबाईनं गोठ्यातून पहार आणून कुलूप तोडलं होतं. पोरगी किल्ली घेऊन मिरवणुकीच्या मागं पळाली होती, ती अंधार पडल्यावर तात्याबाला दर्ग्यामागं सापडली.

म्हणाली, "माझ्याकडंच हाय. तिकडं समुद्र हाय, तीनदा टाकाय गेले. टाकाय होत न्हाई."

यंदाचा संदल मी काढणार आहे. हाक तुझ्या घरची लागते हे मला माहीत आहे. तू ये किंवा येऊ नकोस. मला आता वाट बघायचा हक्क नाही, तेव्हा मीच काय ते बघतो.

भारत

---

रविवार, ४ जानेवारी २०२६
गेवराई

कय्युम,

हे पत्र तुझ्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून लिहितोय. कागद टपरीवाल्यानं दिला, बिलाच्या वहीतला आहे.

पहाटे अंघोळ करून सुंदरबाईला म्हणालो, सहाण काढ. तिनं सहाण आणि चंदनाचं खोड माझ्यासमोर आणून ठेवलं. "तुमीच उगाळा. माजा हात न्हाई लागनार." आमच्या घरात पुरुषानं कधी चंदन उगाळलेलं नाही. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. चार तास लागले. बोटांची सालं निघाली. दोघी बायका हे दरसाली उपाशीपोटी करत होत्या आणि मी नुसता ताट डोक्यावर घेऊन मान मिरवत होतो.

वाटी भरल्यावर तिनं ट्रंकेतून एक लहान बाटली काढली. बीबीजाननं गाव सोडताना तिला दिलेली, अत्तराची. तळाशी दोन थेंब होते. ते तिनं स्वतः घातले. मग तिनं हिरवं फडकं बांधलं आणि म्हणाली, "जावा. आन् हाक नीट मारा."

दरसाली तू माझ्या दारात यायचास. यंदा मी तुझ्या दारात जावं असं ठरवलं. सोमनाथच्या गाडीला आलो. वाटी मांडीवर धरून बसलो होतो. शेजारच्या बाईनं विचारलं, कसला वास म्हणून. मी म्हणालो, संदल हाय. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि वाटीला लांबूनच हात जोडले. तिचं नाव-गाव मी विचारलं नाही.

चार वाजता तुझ्या दारात उभा राहिलो. दुकानाचं शटर खाली, बाजूच्या घराच्या दाराला बाहेरून कुलूप. मी हाक मारली. "कय्युम, संदल आणलाय!" आवाज नीट निघाला नाही. परत मारली. कोपऱ्यावरून एक मुलगी पुढं आली, आठ-नऊ वर्षांची. दोन वेण्या, अंगावर तुझ्या मापाचा जुना स्वेटर, बाह्या दुमडलेल्या. मी नाव विचारलं. म्हणाली, सहर. आमेरची ना, म्हटलं. तिनं मान हलवली. तुझी नात एवढी मोठी झाली आणि मी आज पहिल्यांदा पाहतोय.

मी तिसरी हाक मारली. तिनं ती पूर्ण होऊ दिली. मग पाठ केलेलं असावं तसं एका दमात म्हणाली, "दादा घर में नहीं हैं. तबियत खराब है. बीड गए डाक्टर के पास."

तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. मुठीतून काळ्या दोऱ्याचं टोक लोंबत होतं.

आत कुणीतरी खोकलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं, कय्युम. ते डोळे मी ओळखतो. ती काहीतरी सांगायला पुढं वाकली आणि मी तिला सांगू दिलं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "हाव बेटा. न्हाईत घरी. मला कळलं."

तेवढ्यात हा टपरीवाला इकडून ओरडला, "कोन पायजे, मामा? आत हाईत की ते, आत्ताच गेले."

मी वळून मोठ्यानं म्हणालो, "न्हाईत. बीडला गेल्यात. मीच चुकीच्या दिशी आलो."

तू खरंच बीडला गेला असशील आणि आत आमेर खोकला असेल, तर हे सगळं खोडून टाक आणि म्हाताऱ्याला हस. आणि तू आत असशील तर तुझा तो हक्क आहे. चौदा वर्षं तू माझं दार झाकलंस, मला एक संध्याकाळ तुझं झाकता आलं तर त्यात काही मोठं नाही. मी रागावलेलो नाही. बाहेर उभं राहिल्यावर कसं वाटतं ते आज कळलं, ते कळायलाच हवं होतं.

वाटी तुझ्या पायरीवर ठेवली आहे. फडक्यात हे पत्र बांधतो. चंदन उद्यापर्यंत ओलं राहील, तात्याबा दर्ग्यात दिवा लावून बसला आहे, पोरं आता मोठी झाली आहेत आणि रस्ता मोकळा आहे. तुला आणावासा वाटला तर आण. नाही आणलास तरी मी पुढल्या पौषात परत येईन आणि तीनदा हाक मारीन. उगाळायला आता हात बसला आहे.

बाकी तुझ्याकडं माझं काही मागणं नाही. एकच आहे. मी गेल्यावर, आज रात्री जेवायच्या आधी, सहरला जवळ बोलाव आणि तिच्या मुठीतली ती किल्ली काढून घे. तिला सांग की खोटं तू बोललास, ती नाही. मी माझ्या पोरीला हे सांगितलं नाही. ती अजून हातात किल्ली घेऊन समुद्राकाठी उभी आहे.

तुझा,
भारत